केसपेपरवर न उमटणारा प्रश्न

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या पंचायत सभागृहात महिलांसाठी आरोग्य शिबिर भरले होते. निवृत्त झाले तरी अशा ठिकाणी माझे पाय आपोआप वळतात, म्हणून मीही जाऊन बसले. रक्तदाब मोजण्याच्या टेबलावर दोन इंटर्न होते, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघेही कामसू आणि बोलायला गोड. पन्नाशीच्या एका बाईंचा रक्तदाब त्यांनी काळजीने दोनदा मोजला, बोटाला सुई टोचून साखर पाहिली, मीठ कमी खायला सांगितले आणि "काकी, सगळे ठीक आहे" असे म्हणून कागद हाती दिला. त्या बाईंच्या गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का, स्तनात गाठ जाणवते का, तंबाखूची सवय आहे का, यांपैकी एकही प्रश्न त्या टेबलावर निघाला नाही. नंतर मी त्या मुलीला बाजूला घेऊन सहज विचारले, तेव्हा तिने न अडखळता उत्तर दिले, "तीस ते पासष्ट वयोगट, दर पाच वर्षांनी, व्हीआयए." (व्हीआयए म्हणजे गर्भाशयमुखावर द्रावण लावून उघड्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी.) उत्तर तोंडपाठ होते, पण समोर बसलेल्या बाईंशी त्याचा काही संबंध आहे हे तिला आजवर कोणी दाखवून दिलेले नव्हते.

मी गोव्याच्या आरोग्य सेवेत परिचारिका म्हणून चौतीस वर्षे काढली. त्यांतील बरीचशी वर्षे ग्रामीण आरोग्य केंद्रांत गेली आणि दर पोस्टिंगला येणाऱ्या नव्या इंटर्नना इंजेक्शनचा ट्रे कुठे असतो इथपासून सगळे दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते या मुलांवरचा राग म्हणून वाचू नये. ती मुले वाईट नाहीत आणि अडाणी तर मुळीच नाहीत. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी दुपारच्या निवांत वेळेत ती मोबाइलवर प्रश्न सोडवीत बसतात, तेव्हा स्तनांच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या वयात सुरू करावी याचा योग्य पर्याय ती क्षणात निवडतात. माझी तक्रार एवढीच की, चार पर्यायांसह आलेला प्रश्न त्यांना ओळखता येतो, पण तोच प्रश्न लुगडे नेसून, हातात पिशवी घेऊन बाकावर येऊन बसला की ओळखता येत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक चौकटीनुसार ३० ते ६५ वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तीन कर्करोगांसाठी तपासणी व्हायला हवी : तोंडाची नजरेने, स्तनांची प्रशिक्षित हाताने आणि गर्भाशयमुखाची व्हीआयए पद्धतीने. रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी याखेरीज. प्रत्यक्षात काय होते याचे उत्तर २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मिळते. देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया होत्या १.९ टक्के, आणि स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के. दुसरीकडे २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि ८० हजारांच्या आसपास स्त्रिया त्याने दगावतात. हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या संसर्गापासून रोग होईपर्यंत साधारणपणे पंधरा-वीस वर्षे जातात. म्हणजे रोग पकडायला वेळ भरपूर मिळतो, आणि तो सगळा वेळ आपण वाया घालवतो.

गोव्याची स्त्री दवाखान्यात येत नाही, असेही कोणी म्हणू शकणार नाही. आपल्या राज्यात जवळजवळ प्रत्येक बाळंतपण रुग्णालयात होते. गरोदरपणात ती नियमाने येते, बाळाच्या लसीसाठी येते, पुढे मुलाच्या तापासाठी, सासऱ्यांच्या दम्यासाठी, नवऱ्याच्या अपघातानंतर ड्रेसिंगसाठी येते. एका मुलाची आई म्हणून तिची नोंद होते, किंवा रुग्णाबरोबर आलेली बाई म्हणून होतही नाही. पाळणा थांबला की तिच्या स्वतःच्या नावाचा केसपेपर निघतो तो थेट साखर वाढल्यावर. या सगळ्या फेऱ्यांत तिच्यासमोर बसलेला डॉक्टर पुष्कळदा शिकाऊ असतो, कारण सरकारी ओपीडीचा पहिला धक्का इंटर्न आणि निवासी डॉक्टरच झेलतात. म्हणून महिलांच्या प्रतिबंधक तपासणीचे भवितव्य तज्ज्ञांच्या परिषदांपेक्षा या पोरांच्या हातात अधिक आहे, असे माझे मत झाले आहे.

यातली एक गोष्ट माझ्या घरची आहे. माझी धाकटी जाऊ सहा वर्षे मधुमेहाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला एका सरकारी ओपीडीत जात असे. तिचा केसपेपर जाडजूड झाला होता, कडा मऊ पडल्या होत्या, मध्ये दोनदा नवीन पाने टाचली होती. प्रत्येक पानावर निरनिराळ्या अक्षरांत तीच तीन अक्षरे होती : सीएसटी, म्हणजे आहे तेच औषध चालू ठेवा. सत्तर-एक वेळा ती कोणा ना कोणा शिकाऊ डॉक्टरपुढे बसली असेल. पाळी जाऊन सहा वर्षे झाल्यावर अंगावरून पुन्हा जाऊ लागले, तेव्हा उष्णतेने होत असेल म्हणून तिने दोन महिने काढले. कर्करोगाचे निदान झाले तेव्हा तिसरी पायरी होती. आज ती नाही. त्या पानांवर गर्भाशयमुखाविषयी एक ओळही नव्हती, हे मी नंतर पाहिले. पण मग हेही कबूल केले पाहिजे की, रोज दुसऱ्यांच्या बायकांना तपासणीला बसवणाऱ्या मी घरातल्या बाईला कधी विचारले नव्हते. प्रश्न न विचारण्याची सवय एकट्या इंटर्नची नाही.

ही सवय लागते कुठून? माझ्या पाहण्यात तरी उत्तर एकच आहे. राउंडला वरिष्ठ जे विचारतात, तेच शिकाऊ डॉक्टर लिहून ठेवतो. ताप किती, लघवी किती झाली, रिपोर्ट आले का, हे रोज विचारले जाते म्हणून ते रोज केसपेपरवर असते. दम्यासाठी दाखल झालेल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईची गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे का, असे कोणत्याही राउंडला विचारलेले मी ऐकले नाही. एकदा एका निवासी डॉक्टरने स्वतःहून ते लिहिले होते, तर "हे स्त्रीरोगवाल्यांचे काम" असे त्याला ऐकावे लागले. त्या मुलाने पुढे पुन्हा लिहिले असेल असे मला वाटत नाही.

दुसरी अडचण हाताच्या सवयीची आहे आणि ती बारकाईने सांगावी लागेल, कारण बाहेरच्यांना ती दिसत नाही. व्हीआयए म्हणजे गर्भाशयमुखावर तीन ते पाच टक्के ॲसेटिक ॲसिड लावून उघड्या डोळ्यांनी पाहणे. साध्या भाषेत ते व्हिनेगरच, आणि व्हिनेगर गोव्याच्या स्वयंपाकघराला नवे नाही. स्पेक्युलम घालायचे, दिवा नीट धरायचा, श्लेष्मा पुसून घ्यायचा, कापसाचा बोळा द्रावणात भिजवून हलक्या हाताने लावायचा आणि पूर्ण एक मिनिट थांबायचे. दोन प्रकारच्या पेशींची जिथे सीमा असते तिथे दाट, ठळक कडांचा पांढरा डाग उमटतो का, ते पाहायचे. हे एक मिनिट फार मोठे असते. बाई अवघडून पडलेली, दाराबाहेर रांग, दिव्याची वायर सैल. दहा-पंधरा सेकंदांत "निगेटिव्ह, सिस्टर" असे सांगून स्पेक्युलम काढणारे इंटर्न मी कितीतरी पाहिले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवी. काटा पूर्ण फिरल्यावर कधी कधी तो डाग हळूहळू उमटताना दिसे, आणि मग त्या मुलांचा चेहरा बघण्यासारखा होई. ज्याने तो डाग एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तो पुढे घाई करत नसे. पण पोस्टिंगमध्ये असे किती जणांच्या वाट्याला येते? मुलग्यांना तर बायका बहुधा नकारच देतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. मग लॉगबुकात, म्हणजे इंटर्नच्या कामाच्या नोंदवहीत, "पाहिले" एवढी नोंद होते आणि सही मिळते. सोबत परिचारिका ठेवून, आधी दोन वाक्ये नीट बोलून विचारले तर नकार पुष्कळ कमी होतात, हा माझा अनुभव आहे. पण ती दोन वाक्ये कोणत्या भाषेत बोलायची हेसुद्धा शिकवावे लागते. "म्हाका कांयच त्रास ना, कित्याक तपासप?" असे बाईने विचारले की इंग्रजीत शिकलेल्या मुलाजवळ शब्दच नसतात. त्रास नाही म्हणूनच तपासायचे, ही गोष्ट तिच्या बोलीत तिला पटवून देणे हे त्या तपासणीचे अर्धे काम आहे.

तिसरी अडचण मार्गदर्शक सूचनांच्या गर्दीची आहे. मुले ज्या पुस्तकांवर अभ्यास करतात त्यांत अमेरिकेच्या शिफारशी असतात : २१ व्या वर्षापासून दर तीन वर्षांनी पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत तपासणे), ४० पासून एक वर्षाआड मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे). आपल्या मंत्रालयाची चौकट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले ते आणखी वेगळे : शक्य तिथे एचपीव्ही डीएनए चाचणीच वापरा, ३० व्या वर्षी सुरुवात करा, पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करा, एचआयव्ही असलेल्या स्त्रीसाठी मात्र २५ पासून आणि तीन ते पाच वर्षांनी. या तिन्हींत चूक कोणतीच नाही, पण आरोग्य केंद्रात मॅमोग्राफीचे यंत्र नसताना मॅमोग्राफी सुचवून मोकळे होणारा डॉक्टर त्या बाईला काहीच देत नाही. तसेच पाळी जाऊन वर्षे झालेल्या बाईत ती पेशींची सीमा आत सरकलेली असते, तिथे व्हीआयए निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होणे चुकीचे, हा अपवाद माहीत नसलेले पदवीधर मला भेटले आहेत. आपल्या केंद्रात आज काय उपलब्ध आहे, कोणत्या बाईला त्यातले काय लागू आहे आणि कोणाला पुढे पाठवायचे, एवढे एका पानावर लिहून ओपीडीच्या टेबलाच्या काचेखाली ठेवले, तरी यातला बराच गोंधळ संपेल.

या साध्या तपासण्यांचा उपयोग होतो का, अशी शंका तरुण डॉक्टर घेतात, आणि ती घ्यावीच. तिची उत्तरे शेजारच्या महाराष्ट्रातच मिळाली आहेत. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे चालवलेल्या अभ्यासात, दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित महिलांनी केलेल्या व्हीआयए तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच अभ्यासातील हाताने केलेल्या स्तन-तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले तेव्हा पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले; त्याहून लहान वयात मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत एचपीव्हीची चाचणी एकदाच केली, तरी पुढे गेलेले रोग आणि मृत्यू लक्षणीय कमी झाले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. दहावी शिकलेली बाई जे करू शकते, ते एमबीबीएस झालेल्या मुलामुलींना जमणार नाही असे म्हणण्याला काही अर्थ नाही.

गोव्यापुरती एक बाब मला सर्वांत जास्त खटकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. अशा राज्यात गरोदरपणी साखर वाढलेली स्त्री म्हणजे पुढच्या मधुमेहाची आगाऊ मिळालेली सूचनाच. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तिची साखर पुन्हा पाहावी, असे राष्ट्रीय सूचना सांगतात. आणि सहा आठवडे ही बाळाच्या पहिल्या मोठ्या लसीची वेळ! आई स्वतः केंद्रात आलेली असते, बाळ मांडीवर असते. बाळाचे वजन होते, लस टोचली जाते, कार्डावर पुढची तारीख पडते, आणि आई तशीच परत जाते. त्या दिवशी उपाशीपोटी या, एवढे डिस्चार्ज देताना लिहायचे काम निवासी डॉक्टरचे आहे. इतकी सोपी संधी हातची जाताना मी वर्षानुवर्षे पाहिली.

हे बदलता येते, हेही मी पाहिले आहे. एका केंद्रात आमच्या वैद्यकीय अधिकारी बाईंनी स्वतःच्या पैशांनी एक रबरी शिक्का करून घेतला होता. "वय ३० पुढे" असे वर आणि खाली सहा चौकोन : रक्तदाब, साखर, तोंड, स्तन, गर्भाशयमुख, पुढची तारीख. तिशीपुढच्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर, ती कशासाठीही आलेली असो, तो शिक्का नोंदणीच्या खिडकीतच उमटे. इंटर्न पहिल्या आठवड्यात हसले. शनिवारी बाई कोणतेही वीस केसपेपर काढून सर्वांसमोर रिकामे चौकोन मोजत, नाव कोणाचेही घेत नसत. पहिल्या शनिवारी भरलेले चौकोन बोटांवर मोजण्याइतके होते. दोन महिन्यांत रिकामे चौकोन तितके राहिले. ना नवीन यंत्र आले होते, ना व्याख्यान झाले होते. पुढे बाईंची बदली झाली, शाईचा पॅड वाळला आणि शिक्का खिळ्यांच्या डब्यात गेला. एका माणसाच्या उत्साहावर चालणारी गोष्ट त्या माणसाबरोबर जाते, म्हणून हे काम नियमात बसवावे लागेल.

तशी जागाही आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार बारा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये १२ आठवडे सामुदायिक वैद्यकाला आणि ७ आठवडे कुटुंब कल्याणासह प्रसूती व स्त्रीरोगाला दिलेले आहेत. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची मांडूर आणि सांताक्रूझ येथे स्वतःची आरोग्य केंद्रे आहेत. या १९ आठवड्यांत प्रत्येक इंटर्नने ठरावीक संख्येने स्त्रियांची पूर्ण प्रतिबंधक तपासणी, समजावण्यापासून निकाल कळवण्यापर्यंत, स्वतः करावी आणि त्याशिवाय लॉगबुकावर सही होऊ नये, अशी विनंती मी महाविद्यालयाच्या संबंधित विभागांना आणि आरोग्य संचालनालयाला या पत्राद्वारे करते. मेडिसिन आणि सर्जरीच्या राउंडमध्येही आठवड्यातून एक दिवस हा प्रश्न वरिष्ठांनी आवर्जून विचारावा. २०२१ पासून चाललेल्या 'स्वस्थ महिला स्वस्थ गोवा' उपक्रमात हातात मावणाऱ्या, किरणोत्सर्ग नसलेल्या उपकरणाने स्तनांची तपासणी गावोगावी झाली. त्या शिबिरांतही इंटर्नना केवळ रक्तदाबाच्या टेबलावर न बसवता परिचारिकांच्या शेजारी उभे करावे. जिथे एचपीव्ही चाचणी देता येईल तिथे बाईने नमुना स्वतः घेण्याची सोयही ठेवावी, म्हणजे लाजेपोटी होणारे निम्मे नकार आपोआप गळतील.

निकाल कळवण्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. स्मिअर घेणारा इंटर्न रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्या पोस्टिंगला गेलेला असतो. रिपोर्ट टपालाच्या पाकिटातून येतो, फाइलला लागतो, आणि बाई मात्र "बोलावले नाही म्हणजे ठीक असणार" अशा समजुतीत घरी असते. आमच्या रजिस्टरमध्ये "रुग्णास कळवले" असा शेवटचा रकाना होता आणि पानेच्या पाने तो कोरा असे. मी काही वर्षे दर शुक्रवारी दुपारी ते रजिस्टर घेऊन फोन लावीत बसे. फोन लागला नाही तर अंगणवाडी सेविकेकडे चिठ्ठी देई. ज्याने तपासणी केली त्याचे नाव त्या रकान्यासमोर असावे, आणि पोस्टिंग बदलताना त्याने उरलेल्या नावांची यादी पुढच्या इंटर्नच्या हाती सही घेऊन द्यावी. वॉर्डातल्या रुग्णांची सूत्रे पुढच्या पाळीकडे सोपवताना ही मुले असे रोजच करतात, त्यामुळे त्यांना यात नवे काहीच शिकायचे नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, डिचोली तालुका